बर्फ पाहायला निघालात? मग आधी हे वाचा

दिवाळी संपली की दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रश्न बदलू लागतात. सर्दी-खोकल्याच्या गोळ्या घेऊन झाल्या की उठता उठता एखादा गृहस्थ हळूच विचारतो, "डॉक्टर, नाताळच्या सुट्टीत सगळे मिळून मनालीला जायचं चाललंय. आईला बीपी आहे, नेलं तर चालेल ना?" पूर्वी असे प्रश्न चारधाम यात्रेच्या वेळी, म्हणजे उन्हाळ्यात येत. हिमालयात थंडीत जायचे ते नवविवाहितांनी, असा एक समज होता. आता आजी-आजोबांपासून दोन वर्षांच्या नातवापर्यंत सारे घरच बर्फात घसरगुंडी खेळायला निघते. जरूर जावे. मुलांनी बर्फ सिनेमात पाहण्यापेक्षा हातात घेऊन पाहिलेला बरा. फक्त तयारीच्या यादीत स्वेटर, चिवडा, मेथीचे लाडू आणि मोबाइलचा चार्जर असतो, तशी तब्येतीचीही थोडी जागा असावी, एवढेच सांगणे.

पहिली गोष्ट उंचीची. आपल्याकडचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. महाबळेश्वर त्याहूनही खाली. मनाली सुमारे ६७०० फुटांवर आणि सिमला ७२०० फुटांच्या आसपास आहे. इथवर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. गुलमर्ग ८७०० फूट. मनालीच्या पुढे २०२० साली सुरू झालेला ९ किलोमीटरचा अटल बोगदा दहा हजार फुटांवर आहे. त्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूला बर्फ पाहायला आता भर थंडीतही लोक जातात. गुलमर्गच्या गोंडोल्याचा दुसरा टप्पा तर तेरा हजार फुटांच्या जवळ नेऊन सोडतो. लेह साडेअकरा हजार फुटांवर.

उंचावर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते असे आपण म्हणतो, पण ते तितकेसे बरोबर नाही. प्रमाण तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायू कमी पडतो. लेहला तो समुद्रकाठच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच मिळतो. शरीर याला जुळवून घेते, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात. ही सवड दिली नाही तर साधारण आठ हजार फुटांच्या वर गेल्यावर काही तासांत डोके दुखू लागते, मळमळते, जेवण नको वाटते, झोप लागत नाही. याला पर्वतीय आजार म्हणतात. तरुण, धडधाकट, रोज जिममध्ये जाणाऱ्यालाही तो होतो. किंबहुना तोच अंगात रग आहे म्हणून पहिल्या दिवशी धावपळ करतो आणि आडवा होतो.

सिस्सूला दिवसा जाऊन रात्री मनालीला परत येणाऱ्याला याचा त्रास बहुधा होत नाही. झोपायला खाली यावे, हा डोंगरातला जुना नियम आहे. विमानाने थेट लेहला उतरणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी. त्याने पहिले दोन दिवस अक्षरशः काहीही करू नये. खोलीत पडून राहावे, पाणी प्यावे, हलके जेवावे. सहलीचा कार्यक्रम पाच दिवसांचा असून पहिल्याच दुपारी कुठे न्यायचे लिहिले असेल, तर पैसे भरण्यापूर्वीच तो बदलून घ्यावा. ऍसिटाझोलामाइड नावाची गोळी चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतल्यास उपयोग होतो, पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फाच्या औषधांची ऍलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय मुळीच नको.

डोके थोडे दुखले तर विश्रांती आणि साधी पॅरासिटामॉल पुरते. पण बसल्या जागी धाप लागणे, ठसका लागून फेसाळ कफ येणे, ओठ निळे पडणे, दारू प्यायल्यासारखा तोल जाणे, असंबद्ध बोलणे, यांतले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साठत असल्याची ही लक्षणे आहेत. प्राणवायू लावावा आणि रोग्याला त्याच रात्री खाली उतरवावे. चार-पाच हजार फूट उतरता आले तर उत्तमच, पण दीड-दोन हजार फुटांनीही फरक पडतो. हिमाचलमध्ये १०८ ही रुग्णवाहिका आपल्यासारखीच येते.

हल्ली बरेच जण कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून जातात. कापराच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला प्राणवायू तसूभरही वाढत नाही. हौस असेल तर बांधावी. मात्र लहान मूल बरोबर असेल तर नको. कापराची एखादी वडीही पोटात गेली तर मुलाला झटके येऊ शकतात. दुकानात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांतच संपतात, ते खाली उतरण्याला पर्याय नाहीत. कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण उंचावर आकडा खाली येणारच आणि गारठलेल्या बोटावर तो चुकीचाही दाखवतो. तेव्हा आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

आता आईच्या बीपीचे. औषधाने आटोक्यात असेल आणि घरचे दोन जिने न थांबता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर मनाली-सिमल्यापर्यंत जरूर न्यावे. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो, म्हणून जाण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावा. एक गोष्ट मात्र हमखास घडते. लघवी होणारी गोळी प्रवासात नको म्हणून मंडळी परस्पर बंद करतात, आणि मग चौथ्या दिवशी पाय सुजतात, दम लागतो. तसे करू नये. वेळ बदलायची असेल तर विचारावे. गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका आला असेल, अँजिओप्लास्टी वा बायपास झाली असेल, तर यंदा बर्फ नको, असे माझे स्पष्ट मत आहे. दम्याच्या रोग्याने पंप सामानाच्या तळाशी न ठेवता आतल्या खिशात ठेवावा आणि बाहेर पडताना नाकातोंडावर मफलर घ्यावा. गरोदर स्त्रियांनी आणि ज्यांचे हिमोग्लोबिन फारच कमी आहे त्यांनी आधी तपासून घ्यावे.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. ज्यांना सिकलसेलचा आजार आहे त्यांनी उंचावर जाऊ नये. कमी प्राणवायू आणि थंडी या दोन्हींनी वेदनांचा झटका येतो. जे नुसते वाहक आहेत, ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो, त्यांनाही उंचावर प्लीहेला इजा होऊन डाव्या कुशीत जबर दुखू शकते. पिवळे किंवा लाल कार्ड घरात असेल तर गोंडोल्याचा दुसरा टप्पा आणि लेह यांचा बेत डॉक्टरांशी बोलल्याखेरीज करू नये.

मधुमेही मंडळींसाठी थोडे अधिक. इन्सुलिन गोठले की वाया गेले. पुन्हा वितळल्यावर ते दिसते तसेच, पण काम करत नाही. म्हणून ते गाडीत किंवा खिडकीपाशी ठेवू नये, विमानात सामानाबरोबर खाली टाकू नये. अंगालगतच्या खिशात ठेवावे. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात, संवेदना कमी झाली आहे, त्यांनी गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपू नये आणि हीटरजवळ पाय धरू नयेत. चटका बसलेला कळत नाही आणि घरी येऊन मोजा काढल्यावर जखम दिसते. रोज रात्री पाय कोणाकडून तरी पाहून घ्यावेत.

कपड्यांबाबत एकच तत्त्व: एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते. आतला कपडा सुती नको, कारण सूत घामाने ओले होते आणि ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. लोकरीचा किंवा थर्मलचा असावा. भाड्याने मिळणारे बर्फाचे सूट आणि बूट शेकडो जणांनी घातलेले असतात, म्हणून मोजे व हातमोजे स्वतःचेच न्यावेत. बूट मात्र घट्ट नको. मोज्यांवर मोजे चढवून पाय बुटात कोंबला की रक्तपुरवठा थांबतो आणि पाय आणखीच गारठतो. लहान मुले खेळताना थंडी वाजतेय असे सांगत नाहीत. दर अर्ध्या तासाने मोजे ओले झालेत का ते हाताने पाहावे. कुडकुडणारे मूल किंवा म्हातारे माणूस एकाएकी कुडकुडायचे थांबले, सुस्त झाले, अडखळत बोलू लागले, तर ती ऊब आल्याची नव्हे, धोक्याची खूण आहे. ओले कपडे काढावेत, कोरडे घालावेत, पांघरुणात गुंडाळून गरम गोड चहा द्यावा आणि दवाखाना गाठावा. ब्रँडीने मात्र ऊब येत नाही. कातडीकडे रक्त धावते, म्हणून गरम वाटते; आतले शरीर उलट थंड होते.

बोटे पांढरी, बधिर झाली तर बर्फाने चोळण्याची पद्धत चुकीची आहे. शेकोटीवर धरणेही चूक. अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात बोटे बुडवावीत, तेही पुन्हा बर्फात जायचे नसेल तेव्हाच.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. थंडीच्या सहलींत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बर्फाची नाही, बंद खोलीतल्या शेगडीची. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळहून गेलेले आठ पर्यटक एकाच खोलीत बेशुद्धावस्थेत आढळले आणि नंतर मृत घोषित झाले. त्यांत चार लहान मुले होती. थंडी फार म्हणून गॅसचा हीटर लावून दारे-खिडक्या घट्ट बंद करून सारे झोपले होते. कोळसा, लाकूड किंवा गॅस बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. माणसाला वाटते प्रवासाचा शीण आहे किंवा उंचीचा त्रास आहे, आणि तो आणखी गाढ झोपतो. खोलीतल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर दुसरा कुठलाही विचार न करता खोली सोडावी, शेगडी बाहेर काढावी, सर्वांना दवाखान्यात न्यावे.

म्हणून झोपताना खोलीत अंगीठी, कोळशाची शेगडी, काश्मिरी कांगडी किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवू नये. हॉटेलच्या पोऱ्याने प्रेमाने आणून दिली तरी हात शेकून बाहेर ठेवायला सांगावी. विजेचा हीटर चालेल, पांघरुणापासून दूर ठेवून. खोली ठरवतानाच फोनवर विचारावे की गरम करायची सोय कशावर चालते आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर आहे का. असेल तर खिडकी उघडी ठेवून, लवकर अंघोळ उरकावी; गॅस गीझरने आपल्याकडेही बळी घेतले आहेत. एखादे दिवस अंघोळ नाही केली तर काही बिघडत नाही, हेही आजोबांना कोणीतरी समजावून सांगावे.

गाडीचेही असेच. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या बर्फात अडकून पडल्या होत्या. सुदैवाने पोलिसांनी लोकांना बाहेर काढले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी येथे मात्र अशाच अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे दगावली. धुराची नळी बर्फाने बुजली आणि इंजिन चालू राहिले, की विषारी धूर गाडीतच शिरतो. अडकलात तर आधी नळीभोवतीचा बर्फ काढावा, इंजिन तासाला दहाएक मिनिटेच चालवावे आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर खाली ठेवावी. गाडीत पाणी, खायचे आणि एक-दोन ब्लँकेटे असावीतच.

बाकीचे थोडक्यात. बर्फावरून परतलेल्या उन्हाने डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते. म्हणून मुलांनाही काळा चष्मा हवा. ढगाळ असले तरी हवा. ओठांना, गालांना व्हॅसलीन किंवा आपले कोकम तेल लावावे. घाटात उलटी होणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, पहिल्या उलटीनंतर नव्हे. थंडीत तहान लागत नाही आणि वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. मग सहलीच्या शेवटी लघवीची जळजळ आणि ताप घेऊन घरी येतात. पाणी प्यावे, लाज न बाळगता गाडी थांबवायला सांगावी.

औषधांची पिशवी एकच असावी आणि ती हातात असावी. नेहमीच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्याव्यात, कारण रस्ता बंद झाला की चार दिवस वाढू शकतात. त्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, उलटीची गोळी, मुलांचे तापाचे औषध, पट्टी आणि थर्मामीटर एवढे पुरे. चिठ्ठीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी खिशात असू द्यावी. ज्याची औषधे आहेत त्यालाच बोलता येईनासे झाले तर तीच उपयोगी पडते.