विषय छोटा घ्या, बावखलाएवढा!

एमएच्या प्रबंधासाठी ‘शाश्वत विकास’ घेताय? मस्त! पण गाईडचा पहिला प्रश्न ठरलेला आहे : "कुठला, कुणाचा आणि मोजणार कसा?"

व्याख्या काय, सगळ्यांनाच पाठ असते. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातली : आजच्या गरजा भागवा, पण पुढच्या पिढ्यांच्या तोंडचं काढून घेऊ नका. संयुक्त राष्ट्रांची २०१५ ची १७ उद्दिष्टंही एका क्लिकवर मिळतात. ती उतरवून काढली की पानं भरतात, प्रबंध होत नाही. प्रबंधाला प्रश्न लागतो आणि तो आपल्या दारातच सापडतो.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातली बावखलंच घ्या ना. वाड्यांमधली ही गोड्या पाण्याची तळी. पावसात भरतात, पाणी जमिनीत मुरतं, आसपासच्या विहिरींना आधार मिळतो. त्यावर केळी, भाजी, फुलं पिकतात. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना गोडं पाणी टिकवणं ही काय साधी गोष्ट आहे? पण भराव टाकून कितीतरी बावखलं बुजवली गेली. २०११ च्या जनगणनेतच वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढ्या माणसांना घरं हवीत, हेही खरंच.

मग प्रश्न असा करा : ‘बावखल बुजल्यावर शेजारच्या विहिरींचं पाणी खारट झालं का?’ एकच गाव निवडा. बुजलेल्या आणि शिल्लक बावखलांजवळच्या विहिरी सप्टेंबरात आणि मेमध्ये तपासा. फरक दिसला, तरी लगेच भरावावर बिल फाडू नका. टँकरसाठी होणारा उपसाही कारण असू शकतो. आणि फरक दिसलाच नाही, तर तसंच लिहा. व्हायवाला प्रामाणिक ‘नाही’ची लाज वाटायचं कारण नाही.

मुलाखती परवानगी घेऊनच करा. भराव टाकणाऱ्या जागामालकाशीही बोला. बावखल त्याच्या जागेत, फायदा मात्र सगळ्या आळीच्या विहिरींना. मग ते राखायचा खर्च एकट्याने का सोसायचा? पर्यावरण, पैसा आणि समाज हे तिन्ही धागे इथेच गुंततात. तुमच्या प्रबंधाचं खरं प्रकरण हेच!

आणि हो, प्रबंध जमा केल्यावर दोन पानी मराठी सारांश त्या गावात नेऊन द्या. ज्यांच्या विहिरींचं पाणी तुम्ही मोजलंत, त्यांना निकाल कळायलाच हवा.