टायसनची शिक्षा आणि 'आपला माणूस'

माइक टायसन २०१८ साली मुंबईला येऊन गेला. २०२२ साली 'लायगर' या चित्रपटात तो पडद्यावरही दिसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये वयाच्या ५८ व्या वर्षी तो टेक्सासमध्ये पुन्हा रिंगणात उतरला, तेव्हा वस्तीतली पोरे ती लढत मोबाईलवर बघत होती. टायसन तीन वर्षे तुरुंगात होता हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. ज्यांना ठाऊक असते त्यांचे उत्तर ठरलेले, "त्याला एका बाईने अडकवले." आमच्या कार्यालयात चहाच्या वेळीही हेच उत्तर मिळते, आणि देणारे चांगले शिकलेसवरलेले असतात.

म्हणून हे प्रकरण मुळापासून पाहू. ब्लॅक पँथरचे नाव ऐकून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. अमेरिकेतल्या काळ्या समाजाशी आपले नाते तेव्हापासूनचे, किंबहुना त्याच्याही आधीचे. त्या समाजाने आपल्या लाडक्या वीराच्या शिक्षेवर काय केले, हे आपण परक्याचे भांडण म्हणून वाचू नये.

टायसन न्यूयॉर्कच्या ब्राउन्सव्हिल या गरीब काळ्या वस्तीतला. लहानपणी चोऱ्यामाऱ्या, मग सुधारगृह, मग मुष्टियुद्ध. २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, तो हेवीवेट गटाचा सर्वांत तरुण जगज्जेता झाला. १९९० साली टोकियोत हरला, तरी त्याचे नाव तसेच राहिले.

जुलै १९९१ मध्ये इंडियानापोलिस शहरात काळ्या समाजाचा मोठा मेळावा भरला होता. त्यातच काळ्या तरुणींची सौंदर्यस्पर्धा होती. टायसन पाहुणा होता. स्पर्धेतल्या अठरा वर्षांच्या एका मुलीला त्याने रात्री दीडच्या सुमारास फोन केला, मोटार पाठवली आणि हॉटेलात नेले. तिथे त्याने आपल्यावर बलात्कार केला, असे तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी ती रुग्णालयात गेली, तपासणी करून घेतली आणि फिर्याद दिली. (तिचे नाव त्या काळी जगभर छापून आले. आपल्या कायद्याने पीडितेचे नाव छापणे गुन्हा आहे आणि तो नियम चांगला आहे, म्हणून इथेही नाव देत नाही.)

१० फेब्रुवारी १९९२ रोजी ज्यूरीने त्याला दोषी ठरवले. २६ मार्चला न्यायाधीश पॅट्रिशिया गिफर्ड यांनी शिक्षा सुनावली. आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. शिक्षा दहा वर्षांची. त्यातली चार स्थगित, राहिली सहा. चांगल्या वर्तनाची सूट दिवसामागे एक दिवस, राहिली तीन. २५ मार्च १९९५ ला तो बाहेर आला. १९ ऑगस्टला लास वेगासमध्ये पहिली लढत झाली आणि ८९ सेकंदांत संपली. त्याबद्दल त्याला सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले, म्हणजे सेकंदाला दोन लाख ऐंशी हजार. "बिचाऱ्याचे आयुष्य बरबाद झाले" असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा कागदावर लिहून बघावा.

आता लोक काय म्हणाले ते पाहू.

काळ्या वस्त्यांत फार मोठी चीड उसळली, आणि ती उगाच उसळली नव्हती. १९३१ साली अलाबामात नऊ काळ्या पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा खोटा आळ आला. जवळजवळ साऱ्यांना फाशीची शिक्षा झाली होती. ती कशीबशी टळली, पण त्यांच्या आयुष्याची वर्षे गेली. १९८९ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात एका गोऱ्या स्त्रीवर अत्याचार झाला. पोलिसांनी चार काळी आणि एक लॅटिन वंशाचे अशी चौदा ते सोळा वर्षांची पाच मुले धरली, त्यांच्याकडून कबुल्या घेतल्या आणि त्यांना तुरुंगात टाकले. २००२ साली खरा गुन्हेगार स्वतः पुढे आला, डीएनए जुळला आणि पाचही जण निर्दोष ठरले. शिवाय टायसनच्या निकालाच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९९१ मध्ये, केनेडी घराण्यातला एक श्रीमंत गोरा तरुण अशाच आरोपातून फ्लोरिडात सुटला होता. "गोरा सुटला, काळा अडकला" हे वाक्य त्या दिवसांत घरोघरी होते. अशा समाजाने न्यायालयावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, असे कोण म्हणेल? आपणही तसे म्हणू शकत नाही.

पण एक गोष्ट त्या संतापात सोयीस्करपणे विसरली गेली. अलाबामातल्या आणि सेंट्रल पार्कच्या प्रकरणात तक्रारदार किंवा बळी स्त्री गोरी होती. इथे मुलगीही काळीच होती. ती त्याच समाजाची, त्याच मेळाव्यात त्याच आनंदात आलेली. टायसनच्या बाजूने "आपला माणूस" म्हणून समाज उभा राहिला, तेव्हा "आपली मुलगी" म्हणून तिच्या बाजूला कोण होते?

काळ्या ख्रिस्ती लोकांच्या सर्वांत मोठ्या धर्मसंस्थेचे अध्यक्ष टी. जे. जेमिसन यांनी टायसनला दया मिळावी म्हणून सह्यांची मोहीम चालवली. हे जेमिसन ऐरेगैरे नव्हते. १९५३ साली बॅटन रूज शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध बहिष्कार उभारणारे ते नेते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या प्रसिद्ध बहिष्काराच्याही दोन वर्षे आधीची ही गोष्ट. ज्या माणसाने बसमधल्या बाकासाठी सारे शहर उभे केले, त्याला त्या मुलीचे दुःख का दिसले नाही? आम्हाला यात दुष्टपणा दिसत नाही. सवय दिसते. पुरुषावरचा अन्याय तो समाजावरचा अन्याय, आणि बाईवरचा अन्याय ती घरातली गोष्ट, ही ती सवय. चळवळीतल्या लोकांनाही ती सुटत नाही.

मुलीबद्दलचे प्रश्नही तेच, जे आपल्याकडे चाळीत विचारले जातात. रात्री दीड वाजता गेलीच कशाला? खोलीत पाऊल ठेवलेच कशाला? पैशासाठी असेल. गंमत अशी की टायसनच्या वकिलांनीच न्यायालयात असा बचाव केला की त्याचे वागणे बायकांशी कसे असभ्य असते हे सगळ्यांना माहीत होते, मग तिलाही कळायला हवे होते! काळ्या पुरुषाला रानटी ठरवणारा गोऱ्यांचा जुना आरोप त्याच्याच वकिलाच्या तोंडून बाहेर पडला. यावर मात्र कोणी मोर्चा काढला नाही.

धनदांडग्यांचे एक उदाहरणही सांगून टाकतो. डोनाल्ड ट्रम्प तेव्हा जुगारघरांचे मालक होते. १९८९ साली सेंट्रल पार्क प्रकरण घडताच फाशीची शिक्षा परत आणा म्हणून त्यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. १९९२ साली टायसन दोषी ठरला तेव्हा त्याच ट्रम्पनी सुचवले की त्याला तुरुंगात न घालता लढू द्यावे आणि त्याच्या कमाईतून बलात्कारपीडितांसाठी निधी काढावा. टायसनची १९८८ मधली मोठी लढत ट्रम्प यांच्याच जुगारघराने अटलांटिक सिटीत भरवली होती. गरीब काळ्या पोरांना फाशी आणि गल्ला भरणाऱ्या काळ्या मल्लाला सवलत, यात वर्णाचा हिशेब किती आणि गल्ल्याचा किती हे वाचकांनीच ठरवावे.

१९९५ साली टायसन सुटला, तेव्हा न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्याच्या जंगी मिरवणुकीचा बेत ठरला. त्या वेळी काळ्या स्त्रियाच पुढे आल्या. पत्रकार जिल नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंसेविरुद्ध संघटना काढली, मेणबत्त्या घेऊन शांत निदर्शने केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसाने घरी यावे, काम करावे, याला त्यांचा विरोध नव्हता. त्याला वीर म्हणून मिरवू नका, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना समाजद्रोही ठरवण्यात आले, गोऱ्यांच्या हातातली बाहुली म्हटले गेले. तरी मिरवणूक रद्द झाली आणि साधा कार्यक्रम झाला. या बायांचे धैर्य आम्हाला टायसनच्या ठोशापेक्षा मोठे वाटते. गोऱ्यांशी लढणे त्यांना नवे नव्हते. इथे त्यांना आपल्याच गल्लीतल्या भाऊ-काकांसमोर उभे राहायचे होते. टायसनने आजवर गुन्हा कबूल केलेला नाही. पण वरच्या न्यायालयाने त्याचे अपील १९९३ साली फेटाळले आणि दोषसिद्धी कायम आहे.

आता उलट बाजूचे एक प्रकरण. जानेवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात ब्रॉक टर्नर हा गोरा जलतरणपटू बेशुद्ध तरुणीवर अत्याचार करताना सापडला. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी त्याला धरून ठेवले. तीन गुन्हे सिद्ध झाले, सरकारी वकिलांनी सहा वर्षे मागितली. जून २०१६ मध्ये न्यायाधीश ॲरन पर्स्की यांनी सहा महिने दिले, कारण तुरुंगाचा या मुलावर फार गंभीर परिणाम होईल! पोरगा तीन महिन्यांत घरी आला. वडिलांनी न्यायालयाला लिहिले होते की वीस मिनिटांच्या कृत्यासाठी ही किंमत फार मोठी आहे. बातम्यांत त्याच्या पोहण्याच्या वेळा छापल्या जात होत्या. कोणत्या गरीब घरच्या पोराच्या गुन्ह्याच्या बातमीत त्याचे दहावीचे गुण छापतात?

त्या तरुणीने न्यायालयात वाचलेले निवेदन लाखो लोकांनी वाचले. २०१९ साली शानेल मिलर या आपल्या नावाने तिने पुस्तक लिहिले. लोकांनी मतदान करून जून २०१८ मध्ये पर्स्की यांना पदावरून काढले. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर असे प्रथमच घडले. मात्र गरिबांचे खटले चालवणाऱ्या काही सरकारी बचाव-वकिलांनीच याला विरोध केला होता. न्यायाधीश घाबरले की कडक शिक्षा देतील, आणि ती शेवटी काळ्या-गरीब पोरांवरच पडेल, हे त्यांचे म्हणणे. ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

२०१६ साली टेनेसीत कोरी बेटी या काळ्या फुटबॉलपटूला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. "गोऱ्याला सहा महिने, काळ्याला पंधरा वर्षे" ही तुलना खूप गाजली. पण त्याच गुन्ह्यातल्या गोऱ्या साथीदाराला नोव्हेंबर २०१६ मध्ये सतरा वर्षे झाली, हे सांगायला बहुतेक जण विसरले. भेदभाव आहे यात शंका नाही. म्हणूनच तो दाखवताना आकडा अर्धा सांगू नये, नाहीतर समोरचा उरलेला अर्धा आकडा काढून आपल्याला खोटे पाडतो.

इंडियानापोलिसच्या खटल्यात तातडीच्या कक्षातल्या डॉक्टरांची साक्ष महत्त्वाची ठरली, म्हणून थोडे कामाचे. आपल्या घरात किंवा वस्तीत अशी वेळ आली तर मुलीला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, ते कागदी पिशवीत ठेवा आणि लगेच रुग्णालयात न्या. सरकारी असो की खासगी, पीडितेवर मोफत उपचार करणे प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे. घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी जवळच्या पोलीस ठाण्याने फिर्याद नोंदवलीच पाहिजे, तिला 'झिरो एफआयआर' म्हणतात. महाराष्ट्रात २०१३ पासून 'मनोधैर्य' योजनेत अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे, ते बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. आरोपी मंडळाचा कार्यकर्ता असो की कबड्डीच्या संघाचा कप्तान, बैठक बोलावून मिटवामिटवी करणाऱ्यांना त्या दिवशी दारातच थांबवा आणि मुलीबरोबर तिच्या विश्वासातली एक बाई सतत राहील एवढे पाहा.