संगणकावरील बागेचा हिशेब : सॉफ्टवेअर बदलले तरी जुन्या नोंदी सांभाळा

धामापूर (ता. मालवण) परिसरातील बागायतदारांना ठाऊकच आहे की, हापूस आंबा एका वर्षाआड भरघोस फळतो. त्यामुळे एकाच वर्षाच्या जमाखर्चावरून बाग फायद्यात की तोट्यात, हे ठरविता येत नाही. त्यासाठी लागोपाठ चार-सहा वर्षांच्या नोंदी हव्यात. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसविल्यावर जुने खाते पडद्यावर दिसले नाही, तर 'सर्व गेले' असे समजून नव्याने सुरुवात करू नये.

नोंदी कोठे असतात?

सॉफ्टवेअर व नोंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंदी स्वतंत्र फोल्डरमध्ये असतात. नवी आवृत्ती बहुधा दुसऱ्याच फोल्डरमध्ये पाहते, म्हणून यादी रिकामी दिसते. धामापूर तलाव १५३० साली बांधला गेला. पाट बदलला म्हणून तलाव आटत नाही, तसेच हे आहे.

नोंदी परत कशा मिळवाव्यात?

१) जुनी आवृत्ती लगेच काढून टाकू नये. त्याच नावाने नवे खातेही उघडू नये. नोंदी दोन ठिकाणी विभागल्या जातात.

२) जुन्या आवृत्तीत डेटा पाथ पाहून कागदावर लिहून घ्यावा. टॅलीमध्ये प्रत्येक कंपनीचा आकडी नावाचा वेगळा फोल्डर असतो. ग्नूकॅश या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सर्व हिशेब सहसा एकाच फाइलमध्ये असतो.

३) संपूर्ण फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. प्रत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

४) नव्या आवृत्तीत तोच पाथ द्यावा. टॅलीप्राइम ३.० (२०२३) मध्ये आधीच्या आवृत्तीतील नोंदींचे रूपांतर करावे लागते. रूपांतरित नोंदी जुन्या आवृत्तीत उघडत नाहीत, म्हणूनच मूळ प्रत जपावी.

५) बॅकअपमधून नोंदी परत आणायच्या असल्यास रिकामा फोल्डर निवडावा. चालू फोल्डर निवडल्यास तेथील नोंदींवर जुन्या नोंदी चढण्याचा धोका असतो.

६) ग्नूकॅशची फाइल बिघडल्यास त्याच फोल्डरमध्ये पाहावे. नावात तारीख व वेळ असलेल्या आधीच्या प्रती तेथे सापडतात.

पडताळणी

खाते उघडले म्हणजे काम संपले असे नाही. मागील प्रत्येक वर्षाची ३१ मार्चची रोख व बँक शिल्लक जुन्या छापील ताळेबंदाशी जुळवावी. खते, फवारणी, मजुरी व फळविक्री यांच्या वार्षिक बेरजाही पाहाव्यात. सर्व जुळल्यावरच नव्या नोंदी सुरू कराव्यात.

दक्षता

टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरल्यास नोंदी उघडता येत नाहीत; तो वहीत लिहून सुरक्षित ठेवावा. पावसाळ्यापूर्वी नोंदींच्या दोन प्रती घेऊन त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. दरवर्षी ताळेबंद कागदावर छापून घ्यावा. कलम लावल्यापासूनचा हिशेब हाती असेल, तरच कोणती झाडे राखायची आणि कोणत्या खर्चाला कात्री लावायची, हे बागायतदाराला खात्रीने ठरविता येईल.