विश्लेषण : एकही रूळ न टाकता नाना शंकरशेट मुंबईच्या पहिल्या रेल्वेचे शिल्पकार कसे?

मरोळ नाक्याहून ‘अ‍ॅक्वा लाइन’ने कफ परेडकडे निघालात, की वाटेत मुंबई सेंट्रलजवळ ‘जगन्नाथ शंकर शेट’ हे भुयारी स्थानक लागते. नाना शंकरशेट ना अभियंता होते, ना कंत्राटदार. तरीही भारतातील पहिल्या प्रवासी रेल्वेशी त्यांचे नाव का जोडले जाते?

रेल्वे कशासाठी हवी होती?

दख्खनचा कापूस बैलगाड्यांतून आणि बैलांच्या पाठीवरून घाट उतरून मुंबई बंदरात येई. त्यात वेळ जाई, माल खराब होई. १८४३ मध्ये सरकारी अभियंता जॉर्ज क्लार्क यांना भांडुपला गेले असताना रेल्वेची कल्पना सुचली.

नानांनी काय केले?

१८०३ मध्ये जन्मलेल्या या धनाढ्य व्यापाऱ्याची देशी पेढ्यांत पत होती आणि सरकारदरबारी वजन. १८४५ मध्ये नाना आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने इंडियन रेल्वे असोसिएशन उभी राहिली. १८४९ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘जीआयपी’ रेल्वेच्या संचालकांत हे दोघे भारतीय होते.

पैसा कोणाचा?

बहुतांश भांडवल ब्रिटनमधील भागधारकांचे होते. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना ५ टक्के परताव्याची हमी दिली, जमीनही मोफत दिली. रेल्वेची कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची, असा हा करार. म्हणजे परतावा तिकडे, जोखीम इथल्या रयतेवर.

बांधली कोणी?

मुख्य अभियंता जेम्स बर्कले, ब्रिटिश कंत्राटदार आणि हजारो देशी मजुरांनी. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून १४ डबे आणि ४०० पाहुण्यांसह गाडी ३४ किलोमीटरवरील ठाण्याला निघाली. खरी परीक्षा पुढे बोरघाटात होती. तिथे एका वेळी ४२ हजारांपर्यंत मजूर राबत होते. रोगराई आणि अपघातांत अनेकांचा जीव गेला. १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला, १८६५ मध्ये नानांचे निधन झाले.

आज याचे महत्त्व काय?

३३.५ किलोमीटरची अ‍ॅक्वा लाइन जवळपास त्या पहिल्या मार्गाएवढीच लांब आहे. तिच्यासाठीही परदेशी पैसा लागला. जपानच्या ‘जायका’चे ते कर्ज आहे, तेही इथूनच फेडायचे आहे. मोठ्या प्रकल्पाला पत उभी करणारा माणूस लागतो, ते काम नानांनी केले. त्यांचे नाव आज स्थानकावर आहे. घाटातल्या मजुरांची नावे मात्र कुठेच नाहीत.