तिसरं चाक कुठे सावरतं, कुठे नाही

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर-नांदुरा पट्ट्यात लूना मोपेडवर आयुष्य काढलेली एक पिढी आता सत्तरीत आहे. १९७२ साली आलेल्या त्या गाडीवर कडबा गेला, खताची गोणी गेली, नातवंडं शाळेत गेली. आता गुडघे कुरकुरतात, गाडी थांबवली की पाय टेकायला जड जातं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "बाबा, तीनचाकी घ्या, पडायची भीतीच नाही." वडनेर भोलजीसारख्या गावात एकीकडे अरुंद बोळ, तर दुसरीकडे पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. तिथे हा सल्ला अर्धाच खरा ठरतो.

गैरसमज : तीन चाकं असली की गाडी उलटत नाही.

थांबताना, सुटताना, चिखलातून हळू जाताना तोल जाण्याची भीती खरोखर संपते. वळणावर मात्र उलट घडतं. दुचाकी आतल्या बाजूला झुकून वळते. साधी तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे सगळा रेटा तिला बाहेर ढकलतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. दहा मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किमी वेग असेल तर बाजूचा रेटा वजनाच्या साधारण ३० टक्के असतो, ३० किमीला तो ७० टक्क्यांपर्यंत जातो. पुढे एक चाक आणि मागे दोन असतील तर गाडीचा आधार त्रिकोणी असतो. वजन जितकं पुढे, तितका तो आधार अरुंद. वळणात घाबरून ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं आणि आतलं मागचं चाक उचललं जातं. पुढच्या बास्केटात ठासून भरलेला बाजार हेच काम करतो.

पियाजिओची एमपी३ (२००६) किंवा यामाहाची निकेन (२०१८) यांना पुढे दोन चाकं असतात आणि ती वळणात झुकतात, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघून भुलू नये. गावच्या गॅरेजात स्कूटरला साइड व्हील लावून जे तयार होतं, ते त्या जातीचं नाही. अशा गाडीत मूळचं मागचं चाक बहुतेक वेळा तसंच राहतं, म्हणजे मोजायला गेलं तर चाकं चार. खाचखळग्यात दोन्ही बाजूंची चाकं उंचावर आणि मधलं खड्ड्यावर आलं, की इंजिनाचा जोर वाया जातो.

गैरसमज : इतकी वर्षं लूना चालवली, ही आपोआप येते.

जुनी सवय इथे आडवी येते. वेगात असलेली दुचाकी आपण हँडल किंचित उलट दिशेला ढकलून वळवतो, फक्त ते जाणवत नाही. तीनचाकीत तसं केलं तर गाडी नको तिकडे जाते. हँडल हातानेच वळवावं लागतं, खांदे भरून येतात. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरता असतो, त्यामुळे आपल्या डाव्या बाजूने जाताना गाडी सारखी डावीकडे ओढते. काळ्या मातीतल्या साइडपट्ट्या पावसात फुगतात, उन्हात भेगाळतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. शिवाय खड्डा चुकवायचा तर एका चाकाचा रस्ता सांभाळून भागत नाही, मागच्या चाकांच्या वाटाही बघाव्या लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: चालत्या गाडीवरून पाय खाली टेकवायचा नाही. मागचं चाक त्यावरून जाऊ शकतं. पाय टेकवायची पन्नास वर्षांची सवय मोडायला महिने लागतात.

गैरसमज : वय झालंय, साइड व्हील लावायला आरटीओ अडवणार नाही.

कायद्यात वय हे अपंगत्व नाही. मोटार वाहन कायद्याने (२०१९च्या दुरुस्तीनंतर) बदल करून घेतलेल्या वाहनाची सवलत शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी ठेवली आहे, तीही फक्त तिच्याच वापरापुरती. बाकीच्यांनी नोंदणीपुस्तकाशी न जुळणारा बदल केला तर कलम ५२ आडवं येतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गॅरेजवाला हे सांगणार नाही, त्याचं काम वेल्डिंगचं. गुडघ्याचा किंवा पक्षाघाताचा खरा त्रास असेल, तर आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणि मग एमएच-२८च्या आरटीओ कार्यालयात चौकशी, हा क्रम बरा.

गैरसमज : बॅटरीवरच्या गाडीला लायसन्स लागत नाही.

सूट आहे ती २५० वॉटपेक्षा कमी क्षमतेच्या आणि ताशी २५ किमीपेक्षा कमी वेगाच्या गाडीला, तीही मान्यताप्राप्त संस्थेच्या चाचणीनंतर (पुण्याची एआरएआय त्यातली एक). बाकीच्यांना नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. उलट बाजूने, लायसन्सला वरची वयोमर्यादाही नाही. पंचावन्न ओलांडल्यावर त्याचं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं.

घ्यायचीच ठरवली तर आधी स्वतःला विचारावं: मी पडतो कधी? थांबताना पडत असाल तर तिसरं चाक खरंच कामाचं. रात्री समोरचा उजेड डोळ्यांवर येतो, ट्रक कळायला उशीर होतो म्हणून धास्ती असेल, तर चाकं वाढवून फरक पडत नाही. मग गाव ते शेत हीच हद्द ठेवावी. निवडताना मागच्या चाकांमधलं अंतर जास्त, आसन खाली, उलट जायची सोय आणि उतारावर लावून ठेवायला हँडब्रेक आहे का, हे बघावं. कारण ही गाडी स्टँडवर उभी राहत नाही, नुसती सोडली तर घरंगळत जाते. पैसे देण्याआधी रिकाम्या मैदानावर, मागे कुणाला न बसवता, दोन्ही बाजूंनी हळू वळणं घेऊन पाहावीत. डावीकडे वळताना जी गाडी सांभाळते, ती उजवीकडे तशीच वागेल असं नसतं.