मिठाला सुटलेलं पाणी येतं कुठून?

आषाढात रत्नागिरीतल्या एखाद्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी उघडून पाहा. वैशाखात खडखडीत असलेलं जाडं मीठ ओलंकिच्च झालेलं असतं आणि तळाशी पाणी साचलेलं असतं. ‘मिठाला पाणी सुटलं,’ असं आपण म्हणतो. पण ते मिठातून सुटलेलं नसतं. मिठाने ते हवेतून ओढून घेतलेलं असतं.

ही ओढ कसली, ते पाण्याच्या रेणूच्या आकारातून कळतं. मध्ये ऑक्सिजन, दोन बाजूंना हायड्रोजन. पण तिघे सरळ रेषेत नसतात, त्यांच्यात १०४.५ अंशांचा कोन असतो. त्यामुळे ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन होते. मिठाचा खडा म्हणजे धन सोडियम आणि ऋण क्लोराइड आयनांची घट्ट वीण. तो पाण्यात पडला, की पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजन वळवतात, क्लोराइडकडे हायड्रोजन, आणि एकेक आयन विणीतून उसवून काढतात. प्रत्येक सोडियमभोवती पाच-सहा रेणूंचं कडं पडतं. पाण्यात या आयनांची परस्परांवरची ओढ सुमारे ऐंशी पटींनी कमी होते, म्हणून ते पुन्हा जुळत नाहीत. विरघळलेलं मीठ नाहीसं झालेलं नसतं. त्याच्या कणाकणाला पाण्याने वेढलेलं असतं.

हा वेढा सगळ्यांचा सारखा नसतो. सोडियमभोवतीचे रेणू सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत जागा बदलतात. मॅग्नेशियमचा आयन आकाराने लहान आणि त्याचा धनभार दुप्पट. त्याच्याजवळचे सहा रेणू त्याहून हजारो पट अधिक वेळ टिकून राहतात.

मिठागरात हा फरक उघड दिसतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी आटत मूळच्या दशांशावर आलं, की मीठ धरू लागतं. सोडियम आपलं पाणी सोडून कोरड्या खड्यात बसतो. मॅग्नेशियम क्लोराइडचा मात्र खडा झाला, तरी त्यात पाण्याचे सहा रेणू राहतातच. म्हणून ते शेवटच्या कडू पाण्यात मागे उरतं. मिठाच्या राशी निथळत ठेवतात, त्या हे कडू पाणी वाहून जावं म्हणून. तरी थोडं खड्यांना चिकटून आपल्या घरी येतंच.

बरणीतल्या पाण्याची सुरुवात होते ती याच अंशापासून. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेल्यावर पाणी ओढतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरतात. पावसाळी कोकणात हवा बहुतेक वेळ दोन्ही मर्यादा ओलांडून असते. मीठ तव्यावर भाजून बरणीला दादरा बांधला तरी झाकण उघडताच ही ओढ पुन्हा सुरू होते.

तळाच्या त्या पाण्यात बोट बुडवून चाखलं, तर खारटपणामागून कडवटपणा येतो. तो मॅग्नेशियमचा. ते पाणी निथळून टाकलं, की वरचं मीठ आधीपेक्षा निर्मळ होतं. मिठागरात अर्धवट राहिलेलं काम आपल्या बरणीत आषाढ पुरं करतो.