काशीच्या अंगणातला पारिजातक

आज आपण पारिजातक लावणार आहोत. पण आधी एक कबुली देतो. आमच्या घरचा जुना पारिजातक आम्हीच मारला.

आमचं घर काशीत, ब्रह्माघाटाच्या गल्लीत. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागात मराठी घरं पिढ्यान् पिढ्या आहेत. घरं दगडी, एकमेकांना चिकटलेली. माती म्हणाल तर आमच्या मागच्या चौकात हात-दोन हात, आणि त्यात आजीचा पारिजातक. पहाटे खाली पांढरा सडा पडलेला असे. आजी फुलं वेचून परडी भरायची आणि बिंदुमाधवाला न्यायची. खाली पडलेलं फूल देवाला चालतं, असा मान याच एका फुलाला, असं ती सांगायची.

मग ताईचं लग्न ठरलं. चौक चांगला दिसावा म्हणून बाबांनी फरशी घातली, थेट बुंध्यापर्यंत. उतार नेमका झाडाकडे झाला. त्या पावसाळ्यात चौकातलं सगळं पाणी बुंध्याशी जमून राहिलं. पानं पिवळी पडली, फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या आणि दिवाळीपर्यंत झाड गेलं. आजी कुणाला काही बोलली नाही. रिकामी परडी मात्र तिने खुंटीवरून काढली नाही.

असं का झालं, हे मला फार उशिरा कळलं. पारिजातक हे आपल्याकडचं रानातलं झाड. हिमालयाच्या पायथ्यापासून गोदावरीपर्यंत कोरड्या डोंगरउतारांवर ते आपलं आपण वाढतं. उतारावर पाणी येतं आणि वाहून जातं, थांबत नाही. म्हणजे या झाडाला तहान सोसते, पण पाय पाण्यात बुडलेले सोसत नाहीत. मुळांना हवा लागते. आम्ही वरून हवा बंद केली आणि खालून पाणी कोंडलं.

आता रोप आणताना काय बघायचं? इकडे नर्सरीत 'हरसिंगार' म्हणून मागा, कारण 'पारिजात' या नावाने घोटाळा होतो. बाराबंकी जिल्ह्यात किंतूर गावी एक प्रसिद्ध 'पारिजात' आहे. तो प्रत्यक्षात गोरखचिंच, मूळ आफ्रिकेतला अजस्र वृक्ष. आपला पारिजातक म्हणजे निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. जाई-जुई ज्या कुळातल्या, त्याच कुळातला. ओळख सोपी आहे: कोवळी फांदी चौकोनी लागते आणि पानावरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं.

लावायची वेळ म्हणजे पहिले दोन-चार पाऊस झाल्यावर, साधारण जुलैचा पहिला पंधरवडा. दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. सावलीत झाड जगतं, पण फुलं कमी येतात. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. जुन्या घरांच्या अंगणात खाली विटांचे तुकडे, चुना, राबीट निघतं, ते सगळं काढून टाका. चांगली माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि माती चिकट असेल तर थोडी वाळू घाला. पुण्या-नगरकडच्या काळ्या मातीत असाल तर खड्ड्यापेक्षा वीतभर उंच वरंबा करून त्यावर लावा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर अठरा-वीस इंचांची कुंडी चालेल, फक्त तळाची भोकं मोकळी हवीत.

पहिले दोन उन्हाळे जपा. बनारसची लू मे-जूनमध्ये पानं भाजून काढते. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचा थर द्या आणि वरची माती सुकली की संध्याकाळी पाणी घाला. थंडीनंतर झाड पानं गाळतं. ते पाहून घाबरू नका आणि पाण्याचा माराही करू नका.

फुलं नव्या फुटीवर येतात. म्हणून छाटणी फेब्रुवारीच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्याआधी करा. पावसाळ्यात कात्री चालवलीत तर शरदातली फुलं गेलीच म्हणून समजा. एरवी श्रावण-भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत बहर असतो. फूल संध्याकाळी उमलतं, पहाटे गळतं. त्या केशरी देठांपासून पूर्वी रेशमाला रंग देत.

मुख्य गोष्ट एकच. झाडाखाली निदान तीन-चार फूट जमीन उघडी ठेवा. फरशी नको, सिमेंटचा कट्टाही नको. ही जागा वाया जात नाही. पाणी तिथून मुरतं, मुळं तिथून श्वास घेतात आणि फुलंही तिथेच पडतात.

सत्यभामेच्या अंगणात पारिजातक आणि फुलं मात्र रुक्मिणीच्या दारी, ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. आमच्याकडे ती खरी झाली. आमच्या झाडाची एक फांदी भिंतीपलीकडे शेजारच्या काकूंच्या चौकात गेलेली होती. थंडीत तिची चपटी, नाण्याएवढी फळं त्यांच्या मातीत पडायची. प्रत्येक फळात दोन बिया. त्यातलं एक रोप काकूंनी उपटलं नव्हतं. आजी गेल्यावर दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी मला हाक मारली, "अरे, तुमचं झाड आमच्याकडे उगवलंय. घेऊन जा."

बाबांनी स्वतः पहार घेतली आणि चौकातली फरशी उखडली. तिसऱ्या वर्षी पहिला सडा पडला. त्या पहाटे आईने खुंटीवरची परडी काढली, धुतली आणि बाबांच्या हातात दिली.

तुमच्या अंगणात जुनं झाड असेल तर आज त्याच्या बुंध्याशी जाऊन बघा, माती दिसतेय का. भेटू पुढच्या भागात.